पीपीटीला मार्क देताना नक्की कशाला मार्क देतोय आपण?

पहिल्यांदा वर्गात प्रेझेंटेशनं घेतली तेव्हा माझ्याकडे एकच कागद होता, त्यावर रोल नंबर आणि पुढे 20 पैकी मार्क, बस्स. भूगोलाचा पेपर, विषय खाजन शेती, म्हणजे खाडी-नदीचं खारं पाणी बांध घालून बाहेर ठेवून केलेली भातशेती. एक मुलगा आला, इस्त्रीचा शर्ट, अठरा स्लाइड्स, ड्रोनने काढलेले फोटो, इंग्लिश तर असं की एफएमवर बोलतोय, मी आरामात 17 लिहिले. त्याच्यामागून गोव्यातल्या चोडण बेटावरची मुलगी, फेरीबोट चुकली म्हणून धापा टाकत आलेली, चारच स्लाइड्स, आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचेना, तिला 9. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून दोघांनाही विचारलं की भरतीला मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार आपोआप बंद कसं होतं. मुलगा म्हणाला, "सर, इट इज अ ट्रॅडिशनल सिस्टीम." मुलीने दोन्ही तळहात दारासारखे समोर धरले आणि कोकणीतून सांगितलं की दार नदीच्या बाजूला उघडतं, म्हणून भरतीचं पाणी चढलं की तेच दाराला रेटून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही, आणि ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. तिचे वडील त्या बांधावर काम करायचे हे मला नंतर कळलं. पण मार्क पेनने लिहून झाले होते आणि मी ते खोडले नाहीत, ते अजून टोचतं.

त्यानंतरच्या वर्षांत चुकत माकत जे बसवलं ते इथे लिहितोय, आयएसएसाठी, म्हणजे सेमिस्टर चालू असतानाच्या अंतर्गत मार्कांसाठी, प्रेझेंटेशन ठेवायचा विचार असेल त्यांच्यासाठी. मी भूगोलवाला, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त येतील, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा, हे प्रेझेंटेशन झाल्यावर मुलाला काय येतं हे मला दिसायला हवंय? "कम्युनिकेशन स्किल वाढावं" वगैरे नको, ते कोर्स फाइलमध्ये लिहायला ठीक. "भरती-ओहोटी आणि शेतीचं पाणी यांचा संबंध स्वतःच्या शब्दांत समजावता येतो" असं काहीतरी. हे वाक्य जमत नसेल तर प्रेझेंटेशन घेऊच नका, साधी टेस्ट घ्या. सूत्र सोडवता येतं का, व्याख्या पाठ आहे का, हे कागदावर पटकन आणि जास्त न्यायाने कळतं. प्रेझेंटेशन कामाचं कधी, तर जिथे मुलाला काहीतरी समजावायचंय, दोन बाजू तोलून एक निवडायचीय, आणि समोरून प्रश्न आला की टिकायचंय.

आता वेळेचा हिशेब, कारण निम्मे लोक इथेच आपटतात. वर्गात 60 मुलं, प्रत्येकाला 10 मिनिटं म्हटलं तर 600 मिनिटं, म्हणजे तासाभराची दहा लेक्चरं, आणि ते सुद्धा मध्ये कोणी पेन ड्राइव्ह शोधत बसला नाही तर. चौघांचा ग्रुप केला तर 15 ग्रुप, 8 मिनिटं बोलणं आणि 7 मिनिटं प्रश्न, 225 मिनिटं, साधारण चार लेक्चरं. तरी मी पाच धरतो. पहिल्या सेमिस्टरला तर नक्कीच, कारण जूनपासून पाऊस, मध्ये चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी, मुलं घरी जातात ती आरत्या आणि नेवऱ्या सोडून दोन दिवस उशिरानेच परततात, आणि मग सगळी प्रेझेंटेशनं एसईएच्या, म्हणजे सेमिस्टरअखेरच्या लेखी परीक्षेच्या, आधीच्या आठवड्यात कोंबली जातात. त्या आठवड्यात अकराव्या ग्रुपला तुम्ही काय मार्क देता ते तुमचं तुम्हालाच आठवत नाही. त्यापेक्षा चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला दोन ग्रुप घ्या, त्या त्या युनिटला जोडून.

यात एक खोच आहे, पहिल्या ग्रुपला तयारीला वेळ कमी आणि शेवटच्यांना बाकीच्यांचं बघून शहाणं व्हायची सोय. म्हणून तारखा चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्यांसमोर, आणि पहिल्या दोन ग्रुपची एक कच्ची फेरी माझ्यासमोर स्टाफरूममध्ये घेतो असं आधीच सांगा. तक्रार पूर्ण मिटत नाही, पण कमी होते.

विषय देणं. हे मला वाटतं अर्धं काम आहे, आणि यावर लोक पाच मिनिटंसुद्धा घालवत नाहीत, सिलॅबसमधली हेडिंगं फाडून रोल नंबरप्रमाणे वाटून टाकतात. "गोव्यातील खाणउद्योग" असा विषय दिलात तर विकिपीडिया किंवा चॅटजीपीटीचं येईल, आणि आता तर स्लाइड्सही एआय बनवून देतो, मुलाने फक्त नाव बदलायचं. विषय म्हणून प्रश्न द्या, आणि प्रश्नाला कोपरा असू द्या. उदाहरणार्थ अर्थशास्त्राला "2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या 88 खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं, तुमच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या घरचं पुढच्या वर्षाचं गणित कसं बदललं" असं द्या, मग डिचोली-सांगे-केपे भागातली मुलं जे घेऊन येतात ते तुम्हालाच ऐकत राहावंसं वाटतं. इतिहासाला "जनमत कौलाची माहिती" नको. 16 जानेवारी 1967 ला गोवा महाराष्ट्रात विलीन करायच्या बाजूने 1,38,170 आणि विरुद्ध 1,72,191 मतं पडली, हे 34,021 चं अंतर कुठल्या तालुक्यांत तयार झालं आणि का, असं विचारा. आणि हा विषय आपल्याकडे अजून गरम आहे हे लक्षात ठेवून ग्रुप मिसळून करा, सगळे पेडण्याचे एकीकडे आणि सगळे साष्टीचे दुसरीकडे असं नको, नाहीतर प्रेझेंटेशनची सभा होते. रसायनशास्त्रवाल्या मैत्रिणीने एकदा दिलेला मला फार आवडला होता, मिठागरात मीठ काढून झाल्यावर उरलेलं पाणी कडू का लागतं? त्यात समुद्राच्या पाण्यातले क्षार कुठल्या क्रमाने खाली बसतात, आधी चुनखडी, मग जिप्सम, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच का राहतात, अख्खं विद्राव्यतेचं युनिट येतं, आणि मुलाला आगरावर जाऊन यावंच लागतं.

एआयबद्दल मी भांडत बसत नाही. वापरा म्हणतो, पण शेवटच्या स्लाइडवर कुठे वापरला ते लिहा. मार्क स्लाइडला फार नाहीतच, म्हणून त्यात फार काही बिघडत नाही.

मार्क कशाला मग? माझी वाटणी सध्या अशी आहे, 20 पैकी. विषयाची समज 8. पुरावा 4, म्हणजे आकडा, नकाशा, कोणाशी बोललात, कुठे गेलात. मांडणी 3, यात स्लाइड, क्रम, वेळ सगळं आलं. प्रश्नोत्तरं 5. समज आणि प्रश्नोत्तरं मिळून 13 होतात, आणि नुसत्या स्टायलीवर कोणी कितीही चमकला तरी 3 च्या वर जात नाही. तुम्ही वाटणी बदला हवी तर, पण तुमच्या त्या पहिल्या वाक्याशी ताडून बघा. वाक्यात "समजावता येतं" लिहिलंय आणि 20 पैकी 10 मार्क आत्मविश्वास, देहबोली, पोशाखाला दिलेत तर गडबड आहे. पोशाखाला मार्क असलेलं रुब्रिक (कशाला किती मार्क याचा तक्ता) मी डोळ्यांनी बघितलंय, कुठलं कॉलेज ते विचारू नका.

नुसते आकडे पुरत नाहीत, प्रत्येक आकड्याचा अर्थ शब्दांत लिहा. समज 8 पैकी 7-8 कोणाला, तर कारण आणि परिणाम स्वतःच्या शब्दांत जोडतो, उदाहरण बदललं तरी सांगू शकतो. 5-6, मुख्य गोष्ट बरोबर पण एखादा दुवा सुटलाय. 3-4, माहिती आहे पण एकमेकीला चिकटलेली नाही, पुस्तकातली वाक्यं तशीच्या तशी. त्याखाली, मूळ कल्पनाच चुकीची. हे लिहायला एक संध्याकाळ जाते, पण "सर मला 5 आणि तिला 7 का" या प्रश्नाला नंतर उत्तर असतं. आणि हा कागद मुलांना विषयाबरोबरच द्या, तारखेच्या आदल्या दिवशी नाही. मी तर मागच्या बॅचचं एक रेकॉर्डिंग, त्यांची परवानगी घेऊन, वर्गात लावतो आणि सगळ्यांना त्याच कागदावर मार्क द्यायला लावतो, मग हात वर करून बघतो कोणी किती दिले. 4 पासून 8 पर्यंत सगळं येतं आणि भांडण सुरू होतं, आणि त्या भांडणात "समज म्हणजे काय" हे त्यांना जितकं कळतं तितकं माझ्या सांगण्याने कधी कळलं नाही.

भाषेचं वेगळं बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते टाळताच येत नाही. घरात कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्लिश, आणि कॉलेजात अचानक आठ मिनिटं सलग इंग्लिशमध्ये उभं राहून बोला. पेडणे, सत्तरी, काणकोणकडच्या किती मुलांना विषय चोख येतो पण वाक्य "बिकॉज" ला अडकतं. आपण नकळत त्या अडकण्याचे मार्क कापतो, समजेतून. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच हे दाखवलं होतं, लष्करातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देताना एका गोष्टीत चांगला दिसला की बाकी सगळ्यातही चांगले देत होते. याला हेलो इफेक्ट म्हणतात. माझ्या 17 आणि 9 ची गोष्ट तीच.

यावर मी दोन गोष्टी करतो. एक, प्रश्नोत्तरं कोकणी, मराठी, इंग्लिश कशातही चालतील असं आधीच सांगतो. अर्थात पेपरच भाषेचा असेल किंवा तुमच्याकडचा नियम आड येत असेल तर नाही, आधी एचओडींना विचारा. दोन, बेरीज लगेच करत नाही. चार रकाने वेगवेगळे भरतो, आणि समजेचा रकाना प्रश्नोत्तरं झाल्याशिवाय भरतच नाही. दिवसाच्या शेवटी बेरीज. शक्य असेल तर पहिली दोन प्रेझेंटेशनं दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून बघा, एकमेकांचे मार्क न बघता द्या आणि मग ताडा. आमचा दोघांचा पहिल्यांदा एका ग्रुपवर 6 मार्कांचा फरक आला होता, तो का आला हे शोधताना कळलं की तिने "पुरावा" म्हणजे पुस्तकांची यादी धरली होती आणि मी गावात जाऊन आलेत की नाही ते. रुब्रिक तिथेच दुरुस्त केलं.

ग्रुपमधला फुकट्या हा जुना रोग. चारात एक काम करतो, एक टायटल स्लाइड वाचतो, एक नमस्कार करतो आणि एक थँक्यू म्हणतो. उपाय सोपा आहे, कोण कुठली स्लाइड सांगणार हे ग्रुपने ठरवायचं नाही. मी त्या दिवशी चिठ्ठी काढतो. म्हणजे सगळ्यांना सगळं यावं लागतं. शिवाय प्रश्नोत्तरांचे 5 आणि समजेतले 3 एकेकट्याला, बाकीचे 12 ग्रुपला. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, "सर हे व्हायवा झालं." हो बाबा, व्हायवाच आहे.

प्रश्न कसे विचारायचे हे मात्र शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपण विचारतो ते बहुतेक आठवणीचे, "कुठल्या वर्षी?", "किती हेक्टर?". त्याने काही कळत नाही. मी आता तीन प्रकारचे ठेवतो. हे असंच का, उलट का नाही. अमुक बदललं तर काय होईल, समजा बांध फुटला आणि दोन वर्षं कोणी दुरुस्त केला नाही तर शेतात काय होईल, मासे येतील की खारफुटी, आणि पुन्हा भात घ्यायला किती थांबावं लागेल. आणि हे तुला कुठून कळलं. तिसऱ्या प्रश्नाला उसनं उत्तर देता येत नाही, ज्याने केलंय तो लगेच नाव-गाव सांगतो आणि ज्याने नाही केलं तो छताकडे बघतो. प्रत्येक ग्रुपला तिन्ही प्रकार, तेवढेच प्रश्न. हुशार मुलाला अवघड आणि बिचाऱ्याला सोपा असं करायचं नाही, दया आली तरी.

आणि प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात असं निघालं, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, गप्प राहणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय ते एकदा घड्याळ लावून बघा, वर्गासमोर ते तीन मिनिटांसारखे वाटतात. मी मनात "एक मानस, दोन मानस, तीन मानस" मोजतो, हसू नका.

बाकीच्या 56 जणांचं काय? ते मोबाइलमध्ये असतात, ज्यांचं झालंय ते तर कॅन्टीनला. म्हणून प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून द्यायचा, आणि माझ्या प्रश्नांपैकी एक मी त्यातूनच उचलतो. शिवाय पुढच्या टेस्टमध्ये एक प्रश्न दुसऱ्यांच्या प्रेझेंटेशनवर असतो, हे कळल्यापासून कॅन्टीन ओस पडलंय. मुलांनी एकमेकांना मार्क द्यायचे हा प्रयोग मी केला आणि सोडला, सगळ्यांना 10 पैकी 9, आणि ज्याच्याशी कोणाचं पटत नाही त्याला 4. मार्कांऐवजी आता फक्त दोन ओळी लिहायला लावतो, काय समजलं आणि काय नाही समजलं. "काय नाही समजलं" च्या गठ्ठ्यातून मला पुढच्या लेक्चरचा विषय मिळतो.

त्या दिवसाच्या बारीकसारीक गोष्टी पटापट सांगतो. सगळ्या फाइली आदल्या रात्री आठपर्यंत मागवा, सगळ्या ग्रुपच्या, पीडीएफ, कारण देवनागरी फॉन्ट दुसऱ्या मशीनवर गेला की चौकोन होतात आणि मुलं घामाघूम. पेन ड्राइव्ह नको, लॅबच्या मशीनमध्ये जे व्हायरस आहेत ते आमच्या कॉलेजपेक्षा जुने असतील. पावसात वीज जातेच, त्यामुळे "प्रोजेक्टरशिवाय बोलायची तयारी ठेवा" हे नियमात लिहून टाका, मी तर एकदा वीज गेल्यावर फळ्यावर खडूने आकृती काढायला लावली आणि त्या ग्रुपचं त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं झालं. वेळ पाळा, सातव्या मिनिटाला एक टकटक आणि आठव्याला बंद, सगळ्यांना सारखं. एकाला दहा मिनिटं बोलू दिलंत तर रुब्रिक गेलं पाण्यात.

जी मुलं उभं राहिली की थरथरतात, किंवा तोतरं बोलतात, त्यांना आधी वेगळं भेटा. सगळ्यांसमोर "कोणाला प्रॉब्लेम आहे का" असं विचारू नका, कोणी हात वर करणार नाही. मी पर्याय देतो, पाच जणांसमोर बोल, किंवा घरून रेकॉर्ड करून आण आणि प्रश्नांना माझ्यासमोर बसून उत्तर दे. रुब्रिक तेच, मार्क तेच, फक्त खोली बदलते. ऐकण्याची किंवा बोलण्याची दिव्यांगता असलेल्यांसाठी ही सोय म्हणजे आपला मोठेपणा वगैरे काही नाही, 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदाच आहे.

मार्क आठवड्याच्या आत सांगा, नंतर कोणाला काही पडलेलं नसतं. प्रत्येकाला भरलेला कागद परत, त्यावर दोनच वाक्यं, एक नीट जमलेलं आणि एक पुढच्या वेळी बदलायचं. "गुड, कीप इट अप" लिहायचं असेल तर काहीच लिहू नका. कागदाची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, कोणी तक्रार घेऊन आलं तर ती दाखवता येते, आणि नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) पुरावा पुरावा करत जी धावपळ होते त्यातही ती बरी पडते.

सेमिस्टर संपल्यावर मी एक काम करतो, ते सहसा कोणी करत नाही, वेळही लागत नाही. एसईएच्या पेपरात त्याच युनिटवर जो प्रश्न असतो त्याचे मार्क आणि प्रेझेंटेशनमधले समजेचे मार्क शेजारी शेजारी लिहून काढतो. एकाच बाजूला जास्त आणि दुसरीकडे फार कमी अशी नावं दिसली की त्यांना बोलावतो. गेल्या वेळी अशी चार निघाली. दोघं परीक्षेच्या दिवशी आजारी होते, एकाने प्रेझेंटेशन खरंच पाठ करून मारलं होतं आणि माझ्या प्रश्नांतून निसटला होता, त्यामुळे ते प्रश्न मी बदलले. चौथीने लेखी पेपरात 15 पैकी 4 मिळवले होते आणि प्रेझेंटेशनमध्ये समजेचे 8 पैकी 8. तिला समोर बसवून तोच लेखी प्रश्न वाचून दाखवला तर म्हणाली, "सर, ह्यात विचारलंय काय तेच मला कळलं नव्हतं." प्रश्नपत्रिका मीच काढली होती, प्रश्न तीन ओळींचा, त्यात दोनदा "इन द लाइट ऑफ". पुढच्या पेपरापासून प्रश्न एका ओळीत लिहितोय.